उसना गॅस

बाटल्यांच्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे 'ताई' म्हणायचे आणि पाठीमागे 'घासाघीस ताई'. हे दुसरं नाव तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. खरेदी खातं तिच्याकडे होतं. वाळू, सोडा, पुठ्ठ्याचे खोके, भट्टीचा गॅस, अगदी कचेरीतले झाडूसुद्धा. कुठलीही वस्तू पहिल्या सांगितलेल्या भावात घेतली तर तिला घास गोड लागत नसे. विकणारा घाम पुसत बाहेर पडला की ती समाधानाने चहा मागवायची. तो चहाही फुकट असायचा, कारण कॅन्टीनवाल्याशीही तिने तसंच काहीतरी ठरवून घेतलं होतं.

या घासाघिशीनेच तिला गोत्यात आणलं.

कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. मधोमध खोलीएवढी भट्टी आणि तिच्या पोटात वितळलेली काच. नऊ वर्षांपूर्वी पेटवलेली ती भट्टी त्यानंतर एक दिवसही विझलेली नव्हती. काचेची भट्टी काही चूल नव्हे, हवी तेव्हा पेटवावी आणि नको तेव्हा विझवावी. ती थंड झाली की आतली काच गोठते, विटांना तडे जातात, आणि मग सगळं घणाने फोडूनच बाहेर काढावं लागतं. नवी बांधायची तर दुसरा कारखाना काढण्याएवढा खर्च. म्हणून सुट्टी असो, संप असो की वादळ, भट्टीला दर तासाला गॅस लागे, आणि तो आणायची जबाबदारी ताईची.

वीस वर्षं, म्हणजे आधीच्या भट्टीपासून, हा गॅस एकाच गॅसवाल्यांकडून यायचा. वर्षाचा करार, ठरलेला भाव, आणि माल पोचल्यावर तीस दिवसांनी पैसे. यंदा वर्षाच्या सुरुवातीला बाजारात गॅस मातीमोल झाला. करार मोडून लागेल तसा खुल्या बाजारातून माल घेतला तर किती पैसे वाचतील, याचा आकडा ताईने काढला, आणि मालकांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. तिने जुन्या गॅसवाल्यांना चार ओळींची चिठ्ठी पाठवून वीस वर्षांचा संबंध संपवला. एवढ्यावर थांबली असती तर ती घासाघीस ताई कसली? आवारात गॅसच्या दोन टाक्या होत्या. बाजारात हवा तेव्हा गॅस मिळतोय तर साठा कशाला करायचा, म्हणून दुसरी टाकी तिने रस्त्यापलीकडच्या फरशीच्या कारखान्याला भाड्याने दिली. मालकांनी पाठ थोपटली, पगार वाढवला, आणि ताई चार दिवस जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती.

सहा महिन्यांनी दूरच्या समुद्रातली एक चिंचोळी वाट बंद पडली. भांडण दोन देशांचं, पण गॅसची जहाजं नेमकी त्याच वाटेने यायची. ती आता अख्ख्या खंडाला वळसा घालून येऊ लागली, आणि तीन आठवड्यांत भाव दुप्पट झाला. भाव वाढला की माणूस बँकेकडे धावतो, आणि सगळे एकदम धावत सुटले की बँक दार लोटून घेते. कारखान्याची कर्जाची मर्यादा बँकेने निम्म्यावर आणली. भाव दुप्पट आणि मर्यादा निम्मी. जिथे आठ टँकर यायचे तिथे आता दोन बसत होते. जे विक्रेते पूर्वी ताईच्या खोलीबाहेर बाकावर तासन्‌तास ताटकळायचे, ते आता फोनवर एवढंच म्हणायचे, "आधी पैसे, मग टँकर. तोही असला तर."

शेवटी ताईने लाज गिळून जुन्या गॅसवाल्यांना फोन लावला.

"ताई, करारवाल्यांना आधी द्यावा लागतो," ते म्हणाले. "तुम्ही आता करारवाल्या नाही."

"माझी पाळी कधी येईल?"

"बारा दिवसांनी जहाज लागेल. त्यातले दोन टँकर तुमच्या नावावर लिहून ठेवतो. पण पैसे आगाऊ, आणि आजच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं तिला वाटलं. कर्जाची उरलीसुरली मर्यादा त्या दोन टँकरांत संपली.

फोन ठेवून तिने भट्टीवाल्या मामांना बोलावलं. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते आणि सगळ्यांचेच मामा होते. भट्टी पेटवली त्या दिवसापासून ते तिच्यापाशी होते, आणि तिच्याबद्दल लग्नाच्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलायचे: आज जरा कुरकुरतेय, काल फारच खूश होती.

"मामा, आपल्या टाकीत किती दिवसांचा गॅस आहे?"

"बाटल्या काढत राहिलो तर चार दिवसांचा."

"आणि बाटल्या काढायच्याच नाहीत. भट्टी फक्त जिवंत ठेवायची. मग?"

मामांनी डोकं खाजवलं. "आच मंद ठेवून, काच गोठू द्यायची नाही एवढंच? मग सात दिवस. आठ म्हणाल तर मी नाही म्हणेन."

"मग यंत्रं आत्तापासूनच थांबवा. पण जहाज बाराव्या दिवशी येणार."

मामा खिडकीपाशी गेले. बाहेर दोन पांढऱ्या टाक्या शेजारी शेजारी होत्या. "ती दुसरी भरलेली आहे," ते हळूच म्हणाले. "मंद आचेवर तिच्यातही सात दिवस निघतील. फरशीवाल्यांची भट्टी दोन महिने बंद आहे. त्यांना लागतही नाही. आपल्या आवारात, आपल्या कुंपणात, आपल्या नळीला जोडलेला..."

"मामा, तो त्यांचा गॅस आहे."

"त्या कुलपाची जादा किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"ती आग लागली तर वापरायला दिलीय."

"अहो, इथे आग विझायची वेळ आलीय!" मामांचा आवाज चढला. मग ते स्वतःच वरमले. "जहाज आलं की परत भरून ठेवू. ते थोडेच मोजायला येतात?"

मामा गेले. ताई किल्ली घेऊन आवारात गेली. दुपारचं ऊन टाकीवर चमकत होतं. कुलूप मुठीएवढं, झडप त्याच्या मागे. एकशे चाळीस माणसांचा पगार त्या झडपेच्या पलीकडे होता, आणि ही पाळी त्यांच्यावर तिच्या हुशारीने आणली होती. टाकी दिली नसती तर साठा असता. करार मोडला नसता तर रांगेत पहिला नंबर असता. तिने किल्ली कुलपात घातलीसुद्धा. मग काढून घेतली. प्रामाणिकपणा वगैरे सगळं नंतर. त्या क्षणी तिला निव्वळ भीती वाटली. आज हे जमलं तर उद्या आपण काय काय करू, याची भीती. ती किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेली.

घरी नवरा औषधाच्या दुकानातून यायचा होता. नणंद स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. ही नणंद मोठी, निवृत्त शिक्षिका, आणि भावजयीच्या चेहऱ्यावरचं वाचायला तिला चष्मा लागत नसे.

"काय गं, आज कुणी पहिल्याच भावात माल दिला की काय? तोंड एवढंसं झालंय."

ताईने उत्तर द्यायच्या आत दारात शेजारीण आली. हातात साखरेची वाटी. "मागच्या महिन्यात नेली होती, ती द्यायची राहूनच गेली."

"अगं, कशाला? साखर केवढी महागलीय आता," नणंद म्हणाली.

"महाग झाली म्हणून काय झालं? वाटी नेली, वाटी आणली. भावाचा काय संबंध?"

शेजारीण गप्पा मारून गेली. ताई त्या वाटीकडे बघत उभी होती. नणंदेने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा शेंग फेकून मारली.

"वन्सं," ताई म्हणाली, "मी सहा महिने पैशाच्या मागे लागलेय. मला पैसे नकोच आहेत!"

"हे तुझ्या तोंडून ऐकायला मी जिवंत राहिले," नणंद म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

सकाळी ती फरशीवाल्यांच्या कचेरीत हजर झाली. फरशीवाले साठीचे, सडसडीत, बोलता बोलता नमुन्याच्या फरशा रुमालाने पुसायची सवय असलेले गृहस्थ. खोलीच्या बाहेर छताला टेकतील अशा खोक्यांच्या थप्प्या होत्या. बँका कर्ज देईनात म्हणून लोक घरं बांधीनात, आणि घरंच नाहीत तर फरशी कुणी घ्यावी? त्यांची भट्टी मात्र विझवून पुन्हा पेटवता यायची, एवढं त्यांचं नशीब बरं.

"गॅस विकत मागायला आला असाल तर आज मला दुप्पट भाव मिळतो," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

"विकत नको. उसना द्या."

रुमाल थांबला. "म्हणजे?"

"जेवढा घेईन तेवढाच परत घालीन. भाव चढला तर माझं नशीब, पडला तर तुमचं. आज विकलात तर पैसे हातात येतील, पण पुढे भट्टी पेटवायची वेळ आली की तुम्हाला गॅस कोण देणार आहे? बाजारात काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात. माझ्याकडून तुम्हाला टाकी भरलेली मिळेल."

फरशीवाल्यांना ते पटलं, चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांनी फरशी खाली ठेवली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. जुन्या गॅसवाल्यांना तुम्ही वीस वर्षांनंतर एका चिठ्ठीवर मोकळं केलंत. गावभर झालंय ते. मला तर तुम्ही सहा महिने ओळखता."

ताईचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याने लावलेल्या भावावर तिला घासाघीस करता येईना, कारण भाव बरोबर होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पैसे वाचले, तेव्हा वाटलं आपल्याएवढं शहाणं कुणी नाही. काय गमावलं ते फोन करायची वेळ आली तेव्हा कळलं. जहाज लागलं की पहिला टँकर तुमच्या टाकीत. माझी टाकी कोरडी असली तरी."

"कोरडी असली तरी?"

"तरी."

त्यांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "माझी ना नाही. पण हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. तो गॅस बँकेकडे तारण आहे. तुमचीच बँक. बँकेच्या बाई उद्या टाकीवरचा काटा बघायला येणार आहेत."

उद्या! कालच ती झडप उघडली असती तर उद्या तिला बँकेसमोर चोर म्हणूनच उभं राहावं लागलं असतं. पर्समधली किल्ली एकदम जड वाटायला लागली.

बँकेच्या बाई तिशीतल्या, जेमतेम वर्षभरापूर्वी या शाखेत आलेल्या. काखेत फाईल, पायात चिखलाने भरलेले बूट, बोलणं मोजून मापून. त्यांनी काटा पाहिला, आकडा लिहिला, ताई आणि फरशीवाले दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नवीन कर्जाला वरून सक्त मनाई आहे."

"कर्ज मागतच नाही," ताई म्हणाली.

"तारणातला माल हलवायचा म्हणजे तेच झालं. तारण आहे म्हणून तर बँकेला झोप लागते."

"बरं. आमच्या कारखान्याचं तारण काय काय आहे तुमच्याकडे? बघा ना जरा फाईलमध्ये."

बाईंनी पानं उलटली. "जमीन, इमारत, यंत्रं, भट्टी."

"सगळ्यात मोठा आकडा कशाचा?"

बाईंचं बोट यादीवरून खाली सरकलं. "भट्टीचा."

"मग आत चला. तुमच्या भट्टीला भेटून घ्या."

मामांनी बाईंच्या हातात निळ्या काचेचा चष्मा दिला आणि भट्टीच्या भिंतीतलं छोटं झाकण सरकवलं. बाई वाकल्या. आत मधासारखं दाट काहीतरी पांढरंशुभ्र तापून हळूहळू हलत होतं. त्या किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. मामांना शेवटी झाकण लावून घ्यावं लागलं. मामांनी आदल्या दिवसापासून भाषण तयार केलं होतं, पण ऐन वेळी ते सगळं विसरले.

"आठव्या दिवशी परत या, बाई," ते एवढंच म्हणाले. "मग तुमच्या यादीतला आकडा भंगारवाल्याला विचारून लिहावा लागेल." आणि त्यांचे डोळे भरून आले. लोक म्हणतील उष्णतेने; पण नऊ वर्षांत उष्णतेने कधी आले नव्हते.

बाई बाहेर गेल्या आणि आवारात फेऱ्या मारत, एका कानावर हात ठेवून, अर्धा तास फोनवर बोलल्या. फरशीवाले रुमालाने टाकीची शिडी पुसत होते.

"साहेबांना सांगितलं," परत येऊन बाई म्हणाल्या, "की गॅस टाकीतच ठेवला तर आपलं एक तारण वाचेल, आणि मोठं बुडेल. उसना दिला तर दोन्ही वाचतील."

"मग? काय म्हणाले?"

"तारणाचे दोन्ही आकडे पुन्हा वाचून दाखवायला सांगितले. मग म्हणाले, सही तुमची, जबाबदारी तुमची." त्यांनी फाईल टाकीच्या कठड्यावर ठेवली आणि परवानगी लिहिली.

त्यानंतरचे दिवस कारखान्यात कधी नव्हती अशी शांतता होती. यंत्रं थांबलेली, फक्त भट्टीचा दबका आवाज. कामगारांनी साचे घासले, पत्रे रंगवले, नऊ वर्षं कुणी हात न लावलेले कोपरे झाडले. मामांनी खाट भट्टीपाशी आणली आणि घरच्यांनी डबा पाठवायला सुरुवात केली. पहिली टाकी आठव्या दिवसाच्या तोंडावर संपत आली, तेव्हा फरशीवाल्यांनी स्वतः येऊन दुसरीचं कुलूप काढलं. मामांनी झडप अर्ध्या फेऱ्याने उघडली, आणि भट्टीला फरक कळलासुद्धा नाही.

बाराव्या दिवशी जहाज आलं नाही. तेराव्या दिवशी बंदराबाहेर उभं आहे असं कळलं. चौदाव्या दिवशी सकाळी दहाला फाटकाशी टँकरचा भोंगा वाजला, आणि सगळा कारखाना बाहेर धावला. पण टँकर एकच होता.

"दुसरा?" ताईने विचारलं.

"बंदरावर रांगेत," ड्रायव्हर म्हणाला. "संध्याकाळपर्यंत यावा. आला तर. कुठल्या टाकीत घालू?"

मामांनी लगेच पहिलीकडे बोट दाखवलं. दोन्ही टाक्या तळाला लागल्या होत्या. गॅस जेमतेम उद्या सकाळपर्यंतचा. तिने फाटकाकडे पाहिलं. फरशीवाले रस्ता ओलांडून येत होते, खिशात उसनवारीच्या परवानगीचा घडी घातलेला कागद, भांडायच्या तयारीने आल्यासारखे.

"दुसरीत घाला," ताई म्हणाली.

"ताई!" मामा ओरडलेच. "म्हणजे पुन्हा तेच! गॅस आपल्या दारात आणि आपण उपाशी! संध्याकाळचा नाही आला तर?"

"ठरलंय, मामा."

"ठरलं होतं तेव्हा दोन टँकर येणार होते!"

"कोरडी असली तरी, असं ठरलं होतं." ती टाकीपुढून हलली नाही. "ड्रायव्हरदादा, दुसरीला नळी लावा."

फरशीवाले जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी आधी टाकीवरचा काटा पाहिला, मग मामांचा चेहरा, मग ताईचा.

"निम्मा इकडे, निम्मा तिकडे करा," ते म्हणाले. "माझी भट्टी काही उद्या पेटत नाही."

"नाही. पहिला पूर्ण तुमचा."

"बरं, समजा मी निम्माच घेतला. उरलेला कधी द्याल?"

"संध्याकाळचा आला की आधी तुमचा."

"आणि नाही आला तर?"

"मग उद्याचा. नाहीतर परवाचा. ज्या दिवशी येईल त्या दिवशीचा आधी तुमचा," ताई म्हणाली. "मी आता पुन्हा कुणाला चिठ्ठी पाठवणार नाही."

ड्रायव्हर नळी खांद्यावर घेऊन दोन टाक्यांच्या मधोमध उभा होता. "अहो, ठरवा एकदाचं," तो वैतागून म्हणाला, "मला परत जायचंय."

"पहिलीत घाला," फरशीवाले म्हणाले. "सगळा."

"अहो पण..." ताई म्हणाली.

"ताई, ज्याचा गॅस त्याने ठरवायचं की नाही? टाकीत पडून माझं काय भलं होणार? तुमच्याकडे असला तर मला तो परत मिळणार, हे आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी नव्हतं पाहिलं." मग ते मामांकडे वळले. "बघत काय बसलात, मामा? उघडा की झडप. आणि भट्टीला म्हणावं, आता बाटल्या काढायला लाग."

नळी जोडली गेली. गॅस आत शिरल्याचा आवाज आला आणि पहिल्या टाकीचा काटा हळूहळू वर सरकायला लागला. मामा पळतच आत गेले. ताईने पदराने डोळे पुसले. तिला इतकं हलकं वाटत होतं की हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"पुढच्या वर्षीचा करार मात्र दोघांचा मिळून करू," फरशीवाले म्हणाले. "भाव तुम्ही ठरवा. मला काही ते जमत नाही."

"मी आजच गॅसवाल्यांकडे जाते," ताई म्हणाली, "आणि या वेळी ते सांगतील त्याच भावात घेते."

"छे, छे! तसं नको!" फरशीवाले घाबरून म्हणाले. "थोडी तरी घासाघीस कराच."